गेलं तेवढं आलं पाहिजे

बिरवाडी,
९ सप्टेंबर २०२५

काका, नमस्कार. काकीलाही सांगा.

पत्र बघून तुम्ही दचकाल. परवा गणपतीला वाडीवर आले होते तेव्हा देवघरात तुमच्या पाया पडले आणि तुम्ही नेहमीसारखं "जेवलीस काय गो?" एवढंच विचारलंत. तुम्ही आणि बाबा सख्खे भाऊ, एका घरात मधे भिंत घालून राहता आणि सतरा वर्षं एकमेकांशी बोलत नाही. तरी माझ्याशी बोलणं तुम्ही कधी टाकलं नाहीत. त्या भरवशावर लिहिते आहे. वाडीवर फोनला रेंज नाही, आणि कोणाच्या हाती निरोप धाडला तर तो तुमच्या आधी आमच्या ओटीवर पोचेल.

महाडच्या ज्या ऑफिसात मी लागले, तिथे आपल्या भागातल्या नव्या मीटरांवर लक्ष ठेवायचं काम चालतं. उन्हाळ्यात तुमच्या भिंतीवर जे पांढरं मीटर बसवलं, ते दर अर्ध्या तासाला किती वीज गेली ते आम्हाला कळवतं. कोणी छेडछाड केली तर तेही कळवतं. गणपतीच्या सात दिवसांत तुमच्या मीटरने अकरा वेळा तक्रार केली आहे. तारीख, तास, मिनिट, सगळं लिहून.

महिनाअखेरीस अशा मीटरांची यादी पुढे जाते, मग तपासणीला पथक येतं. चोरी ठरली तर गुन्हा नोंदवतात. ग्राहकाला आधी कळवायचं नसतं. मी नियम मोडून विचारते आहे, तर खरं सांगा. मीटरला कोणी हात लावला होता का? तुमचा रितेशदादा मुंबईहून आला होता, त्याने काही केलं का? बाबांना यातलं काही सांगू नका.

तुमची अपेक्षा

•

खैराची वाडी, कापडे
१४ सप्टेंबर २०२५

अपेक्षा पोरी, आशीर्वाद.

पत्र मिळालं. पोस्टमनने ते नेमकं तुझ्या बापाच्या देखत दिलं, म्हणून मी मुद्दाम मोठ्याने "रितेशच्या सोसायटीचा कागद हाय" असं बोललो. या वयात तुझ्यापायी खोटं बोलावं लागलं, हे पाप तुझ्या डोक्यावर.

पहिल्यांदा मला हसू आलं. रितेश गणपतीला येतो तेव्हा फोनच्या एका दांडीसाठी फणसाखाली तासभर हात वर करून उभा असतो. त्या शिकलेल्या माणसाला इथून मुंबईला बोलता येत नाही आणि भिंतीवरचं हे डबडं महाडला चहाड्या करतं म्हणतेस. ना त्याला फोनची वायर, ना टीव्हीसारखी छत्री, ना माणूस ये-जा करतो. मग मी जाऊन त्याच्यासमोर उभा राहिलो. आत एक लाल ठिपका लुकलुकत होता. मी बराच वेळ बघत राहिलो आणि का कोण जाणे, सदऱ्याची बटणं लावली. तुझी काकी म्हणाली, "पाहुणं आल्यात काय?"

आता कामाचं. माझ्या मीटरला मी हात लावलेला नाही. रितेशनेही नाही, तो देवासमोर हॅलोजन लावण्यापलीकडे काही करत नाही. मुंबईत मी एकोणतीस वर्षं लिफ्ट चालवली, कोणाचं एक पाकीटसुद्धा सापडलं तर वर नेऊन दिलं. या सदूने चोरी केली असं बोलायची कोणाची हिंमत नव्हती.

मग हात लावला कोणी? मधे एक भिंत आहे आणि भिंतीपलीकडे कोण राहतो ते तुला सांगायला नको. तुझा बाप आहे म्हणून मी गप्प बसेन असं समजू नकोस. पुढच्या सोमवारी पोलादपूरला जाऊन लेखी तक्रार देतो. माझ्या घरातून करंट ओढतो म्हणजे काय? इतकी वर्षं नुसतं बोलणं नव्हतं. आता तोंडही बघणार नाही.

तुझा काका

•

बिरवाडी,
१८ सप्टेंबर २०२५

काका,

पोलादपूरला जाऊ नका. तुमच्या पाया पडते. हे पत्र स्पीड पोस्टाने टाकते आहे.

मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली होती. यादीत फक्त तुमचं मीटर नाही, आमचंही आहे. दोन नावं एकाखाली एक बघितली तेव्हा तुमच्या मनात जे आलं तेच माझ्याही मनात आलं. बाबांनी तुमच्याकडून वीज घेतली असेल. म्हणून तुम्हाला आधी लिहिलं, बाबांना नाही. मुलगी असून मी त्यांच्यावर संशय घेतला, याची लाज वाटते. तुम्ही ती चूक करू नका, कारण आकडे काही वेगळंच सांगतात.

मीटरमध्ये दोन पहारेकरी आहेत असं समजा. एक घरात जाणाऱ्या वायरवर बसलेला आणि एक घरातून परत येणाऱ्या वायरवर. करंट घरात राहत नाही, काका. बल्बमधून, पंख्यातून फिरून तो आला तेवढाच परत जातो. दोघं पहारेकरी सतत आपले आकडे ताडून बघतात. गेलं तेवढं आलं पाहिजे. नाही आलं तर मीटर बोलतं. चुंबक लावलं तरी बोलतं. झाकण उघडलं तर आत एक इवलं बटण सुटतं, आणि लाइट गेलेली असली तरी आतल्या सेलवर ती वेळ लिहिली जाते. नंतर ती कोणालाही पुसता येत नाही, आम्हालाही नाही. तुमच्याकडे चुंबक नाही, झाकणही उघडलेलं नाही. मीटरला कोणी बोट लावलेलं नाही हे मला इथे बसून दिसतं.

गडबड फक्त जाण्यायेण्याची आहे. २७ ऑगस्ट, संध्याकाळी सात वाजून बारा मिनिटं. तुमच्या घरात ४.३ अँपिअर गेले ते परत आलेच नाहीत. त्याच मिनिटाला आमच्या घरातून ४.३ अँपिअर परत आले, जे आत गेलेच नव्हते. अकराच्या अकरा वेळा असंच. तुमचं हरवलेलं आमच्याकडे सापडतं, दशांशासकट. चोर असा परत करत नाही.

आणि रेंजचं. तुमच्या मीटरला महाडपर्यंत ओरडावं लागत नाही. ते शेजारच्या मीटरच्या कानात सांगतं, ते त्याच्या पुढच्याला. मला तो रस्ता स्क्रीनवर दिसतो. तुमचा निरोप सुंदराबाईंच्या बंद घरावर जातो, तिथून राजेंद्र मास्तरांच्या बंद घरावर, तिथून शाळेवर आणि मग कापड्याच्या खांबावरच्या पेटीत. तिला रेंज आहे. शाळेची लाइट गेली तर वाटेतली घरं आपापसात दुसरी वाट शोधतात.

आता आठवून सांगा. सात वाजून बारा मिनिटांनी घरात काय चालू होतं?

अपेक्षा

•

खैराची वाडी,
२३ सप्टेंबर २०२५

अपेक्षा पोरी,

सोमवारी पोलादपूरला गेलो नाही. सदरा घालून निघालो होतो, पोस्टमन वाटेत भेटला. तिथेच दगडावर बसून वाचलं आणि घरी परतलो. नाही, सरळ घरी नाही. आधी सुंदराबाईंच्या घराकडे गेलो.

चार वर्षं झाली तिला मुलाकडे जाऊन. अंगणात गवत कमरेएवढं. ओटीच्या भिंतीवर मीटर आहे, त्यातही तो लाल ठिपका. मग मास्तरांच्या घराकडे गेलो. कुलपाला गंज चढलाय आणि ठिपका चालू आहे. या दोन घरांसमोरून मी रोज जातो आणि रोज मनात म्हणतो, मेली ही घरं. आणि तू म्हणतेस की माझं बोलणं यांच्याच भिंतींवरून खाली जातं. ज्या घरात चार वर्षं कोणी "भाकर वाढ" म्हणालं नाही, ते घर दर अर्ध्या तासाला माझा निरोप घेतं आणि पुढे देतं. मास्तरांच्या ओटीला मी हात जोडले. कोणी बघितलं नाही हे बरं.

आता सात वाजून बारा मिनिटं. ती आरतीची वेळ. रितेश आरतीला हॅलोजन लावतो आणि नंतर बंद करतो, कारण देव तापतो म्हणून काकी ओरडते. ते हॅलोजन तो देवघरातल्या बत्तीच्या वायरींना जोडतो. मी उठून देवघरात गेलो, वायर कुठून कुठे जाते ते बोटाने बघत गेलो आणि तिथेच खाली बसलो. चोर सापडला. सतरा वर्षांपूर्वीची ती वाटणी.

तू तेव्हा सहा वर्षांची होतीस. पंचांनी सगळं वाटलं. शेत, भांडी, काजूची झाडं, घराच्या मधे भिंत. देवघराला भिंत नको, दोन्हीकडून दार ठेवू, एवढं आम्ही दोघांनी मानलं. मग बत्तीवर अडलं. मी म्हणालो, थोरला मी, बत्ती माझ्या मीटरवर. तुझा बाप म्हणाला, देव दोघांचा तर बत्ती दोघांची, एकट्याच्या उपकाराची बत्ती मला नको. जेवणं राहिली, पंच कंटाळले. शेवटी वायरमनला सांगितलं, एक वायर याच्या घरातून घे आणि एक त्याच्या. तो बिचारा म्हणाला, "असा करीत नाय हो कोन." आम्ही दोघांनी मिळून त्याला गप्प केलं. आमचं एकमत झालेली ती शेवटची गोष्ट. बटण माझ्याकडे आलं, जाणारी वायर माझी, येणारी त्याची. बटण दाबलं आणि बत्ती पेटली.

जुनं चाकाचं मीटर भोळं होतं, त्याला काही कळलं नाही. रितेशलाही नाही, त्या वायरमनशिवाय कोणालाच नाही. आम्ही दोघंसुद्धा विसरलो होतो. आणि कधी वाडीवर न आलेल्या एका यंत्राने सात दिवसांत ओळखलं की या घरातून काहीतरी निघतं ते भावाच्या घरातून परत जातं. मी लिफ्टवाला माणूस. वर नेली तेवढी माणसं खाली आणायची, एवढाच हिशोब मला कळतो. पण माझ्याकडून गेलेलं तुझ्या बापाकडून खाली उतरत होतं, रोज, इतकी वर्षं, हे वाचून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही.

त्याच्यावर मी भलता आळ घेतला. त्याला सांगू नकोस.

काका

•

बिरवाडी,
२७ सप्टेंबर २०२५

काका,

तुमचं पत्र मी ऑफिसात वाचलं, आणि मग सोनाली मॅडमना वाचून दाखवलं. त्या आमच्या साहेब. नियम मोडल्याचं आधी कबूल केलं, बोलणीही खाल्ली. मग त्यांनी दोन्ही मीटरांचे आकडे शेजारी शेजारी लावले आणि देवघराच्या बत्तीची गोष्ट सांगितल्यावर हसायला लागल्या. म्हणाल्या, दहा वर्षांत चोऱ्या शेकड्याने बघितल्या, वाटणी पहिल्यांदा बघते आहे. रोजचा झिरोचा बल्ब इतकं थोडं खातो की मीटर तिकडे काणाडोळा करतं. हॅलोजन लावले म्हणून हे उजेडात आलं.

चोरीच्या यादीतून नावं काढता येतील, पण अट आहे. देवघराच्या दोन्ही वायरी एकाच मीटरवर घ्यायच्या. आठ ऑक्टोबरला वायरमन आणि तपासनीस येतील. कोणाच्या मीटरवर घ्यायचं हे तुम्ही दोघांनी ठरवायचं आणि कागदावर दोघांनी सह्या करायच्या. नाही केल्या तर दोन्ही नावं पुढे जातील आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही. बाबांनाही आज सगळं लिहिलं आहे, फक्त तुमचा संशय आणि माझा संशय सोडून.

एक गोष्ट मात्र नीट वाचा, दोनदा वाचा. तोपर्यंत त्या वायरींना स्वतः हात लावू नका. तुमच्याकडचं बटण चालू असताना येणारी वायर जर कुठे तुटली किंवा बाबांनी त्यांचा मेन स्विच बंद केला, तर बत्ती विझेल. बघणाऱ्याला वाटेल करंट गेला. तो गेलेला नसतो. परतीची वाट बंद झाली म्हणून तो बल्बमधून येऊन त्या वायरीतच थांबलेला असतो, आणि जो हात लावील त्याच्या अंगातून जमिनीत जातो. एका बल्बातून येणारा एवढासा करंटही माणसाला पुरतो. बाबांच्या पत्रात हे लिहायचं राहिलं की काय अशी शंका येते आहे. त्यांचं पाकीट सकाळीच टाकून बसले. तुम्ही त्यांना सांगा. एकदा बोला, काका.

अपेक्षा

•

खैराची वाडी,
१ ऑक्टोबर २०२५

अपेक्षास,

सही करीन. कागद देवघरात ठेवा, मी माझ्या दाराने जाऊन करीन, तो त्याच्या दाराने येऊन करील. बोलायची गरज दिसत नाही. बत्ती माझ्या मीटरवर राहील. थोरला मी आहे, हे सतरा वर्षांपूर्वीही खरं होतं.

वायरीचं दोनदा वाचलं. त्याला सांगायचं ते तू सांग. तुझा बाप आहे.

काका

•

बिरवाडी,
६ ऑक्टोबर २०२५

काका,

घाईत लिहिते आहे. आज सकाळी ऑफिसात आल्याबरोबर आपली दोन्ही घरं उघडून बघितली. काल रविवारी दुपारी साडेतीन ते साडेचार दोन्ही घरांत वीज शून्य. लाइट गेली नव्हती, मास्तरांच्या आणि सुंदराबाईंच्या मीटरवर करंट होता. म्हणजे दोन्हीकडचे मेन कोणीतरी हाताने बंद केले होते, एकाच वेळी. दोन्ही मीटर चालू आहेत, बोलताहेत, पण घरात पंखासुद्धा फिरत नव्हता.

मीटर मला मिनिट सांगतं, माणसांचं काही सांगत नाही. बाबांना दुसरं पत्र टाकलं होतं, ते पोचलं का तेही माहीत नाही. दोघं बरे आहात ना? मी बुधवारी तपासनीसांच्या गाडीतून येते आहे, पण तोवर धीर निघत नाही म्हणून हे पत्र.

अपेक्षा

•

खैराची वाडी,
१० ऑक्टोबर २०२५

अपेक्षा पोरी, आशीर्वाद.

बुधवारी तू आलीस तेव्हा माणसं होती, वायरमन होता, तुझी आई आणि काकी चहाच्या मागे होत्या. मी काही बोललो नाही आणि तूही विचारलं नाहीस. तुझं सहा तारखेचं पत्र काल, तू गेल्यावर पोचलं. तेव्हा आता लिहूनच सांगतो. तोंडाने सांगताना माझा आवाज नीट राहत नाही.

रविवारी दुपारी मी ओटीवर पडलो होतो. पंखा चालू होता. सकाळपासून देवघराची बत्ती चालूच होती, बंद करायची राहिली. पडल्या पडल्या दारातून तिचा उजेड दिसत होता. आणि बत्ती गेली. पंखा फिरतोच आहे.

मला आधी वाटलं बल्ब उडाला. मग तुझं पत्र आठवलं. एक एक ओळ आठवली. बत्ती विझेल, बघणाऱ्याला वाटेल करंट गेला. मी उठून धावलो, या गुडघ्यांनी. देवघरात तुझा बाप उभा. अनवाणी, सकाळी सारवलेल्या ओल्या जमिनीवर. त्याचा मेन तो बंद करून आला होता. एका हातात ती जुनी पक्कड, तिच्या मुठीचं रबर कधीच गेलेलं, आणि दुसरा हात वायर धरायला पुढे.

"चांगू, थांब! हात लावू नको रे, करंट हाय तिच्यात."

तो थांबला. बत्ती विझलेली, त्याचा मेन बंद, त्याच्या हिशोबाने करंट असायचं काही कारण नव्हतं. सतरा वर्षं न बोललेला भाऊ ओरडतो म्हणून ऐकायचंही कारण नव्हतं. पण हात तिथल्या तिथे थांबला. वायरीपासून एवढासा राहिला होता, दोन बोटं. मी माघारी जाऊन माझा मेन पाडला आणि परत आलो तरी तो तसाच उभा होता.

मग आम्ही दोघं खाली बसलो. मी त्याला सगळं समजावलं, तू मला समजावलंस तसं. जाणारा, येणारा, दोन पहारेकरी, वाटेत थांबलेला करंट. सुंदराबाईचं घर आणि मास्तरांचं घर कसं निरोप देतात तेही सांगितलं. तो ऐकत होता. तुझं दुसरं पत्र त्याला सोमवारी मिळालं, म्हणजे एक दिवस उशिरा. मी विचारलं, वायर कापायला आला होतास कशाला? कागदावर भांडायचं सोडून असं गुपचूप?

त्याने पक्कड खाली ठेवली. मग म्हणाला, "थोरल्याकडंच राहू दे, म्हटला. माजी वायर काढून घेतली का मग भांडन कशाचा?"

हे ऐकल्यावर मी रडलो. तुझ्या बापासमोर रडलो हे लिहायला मला आता लाज वाटत नाही. ज्या माणसाला मी चोर म्हणून पोलादपूरला निघालो होतो, तो माझ्यासाठी आपला हिस्सा सोडायला आला होता आणि त्या सोडण्यात मरत होता. मी त्याला तेही सांगितलं, आळ घेतल्याचं. लपवायचं काही उरलं नव्हतं. तो म्हणाला, "मला वाटला तूच माज्यावर कायतरी आळ लावलास." म्हणजे त्यानेही तेच केलं होतं. तास कसा गेला कळलं नाही. मेन लावायची आठवण काकीला झाली, तिचं दळण अडलं होतं.

तुमच्या त्या मीटरला मी रोज बघतो. बत्ती विझायचा अर्थ तिथे बसून तू मला कळवला होतास, आठवडाभर आधी, डोंगरावरून, बंद घरांवरून फिरून आलेल्या आकड्यांवरून. माझ्या भावाचा हात मी थांबवला असं वाडीत सगळे म्हणतात. मी एकटा नव्हतो, एवढं मला माहीत आहे.

बुधवारी कागदावर तू बघितलंस ते बरोबर आहे. बत्ती मी चांगूच्या मीटरवर लिहून दिली. तुझ्या मॅडमना सांग, आता गेलं तेवढं येतं, माझ्याकडेही आणि त्याच्याकडेही. वायरमनने बटणही पलीकडे नेलं, त्यांच्या माजघरात, चुलीच्या बाजूच्या भिंतीवर. दिवेलागणीला बत्ती मीच लावायची अशी माझी सवय. त्यामुळे रोज संध्याकाळी मला त्यांच्या घरात जावं लागतं.

पहिल्या दिवशी मी दारात चप्पल काढत होतो. चांगू आतून म्हणाला, "ये. बटन तुज्यासाठीच खालती घेतलाय, हात वर करायला नको."

सदूकाका